न मोडलेली रात्र

४ जून

आजोबा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण आठवडाभर तळघरात वाकून पाठीचा काटा ढिला झालाय. तेव्हा उभ्यानेच नमस्कार घ्या. फोनवर तुम्ही नुसतं ‘हं, हं’ करता आणि ऐकत काहीच नाही, अशी आईची तक्रार आहे. चाळीस वर्षं बिनतारी ठाण्यात कानांना हेडफोन लावून बसल्यावर कान पेन्शनीत जाणारच. म्हणून पत्र लिहितेय.

आमच्या संस्थेच्या तळघरात मला पत्र्याचे गोल डबे सापडलेत. एकशे बारा! आत फिल्मची भेंडोळी. पूर्वी इथे एक यंत्र दर पंधरा मिनिटांनी आकाशाला हाक मारायचं, म्हणजे रेडिओलहर सोडायचं, आणि वरून आलेला प्रतिध्वनी फिल्मवर उमटायचा. दीडशे, तीनशे, चारशे किलोमीटर वर जो विजेने भारलेल्या हवेचा थर आहे ना, आयनांबर, त्याच्यावर आपटून आलेला. शांत रात्री फिल्मवर टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी रेघ दिसते. पण काही रात्री ती रेघ ओल्या कागदावरच्या शाईसारखी फिसकटते. का फिसकटते, एवढंच मला शोधायचंय. सर म्हणतात, सूर्यावर वादळ झालं की असं होतं, विषय संपला. पण सूर्य गप्प असतानाही शाई फिसकटलेली आहे, आजोबा! मी मोजलंय.

त्या रात्री जमिनीवर कुणाला काय ऐकू येत होतं, हे मला हवंय. तुमचं ठाणं याच किनाऱ्यावर, इथून चाळीस किलोमीटरवर. आणि तुमच्या त्या वह्या? लहानपणी मी एकीत बदक काढलं म्हणून तुम्ही दोन दिवस अबोला धरला होतात, त्या? सप्टेंबरात मला संस्थेत सगळ्यांपुढे उभं राहून या कामावर बोलायचंय. नाही म्हणू नका.

तुमची,
भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे पाठीला लाव.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा चष्म्याने, एकदा बिनचष्म्याने, आणि एकदा मोठ्याने, तुझ्या आजीच्या फोटोपुढे. काल काय जेवलो ते मला आठवत नाही, पण चौथीतल्या मास्तरांनी छडीच्या तालावर पाठ करून घेतलेल्या कविता एकही अक्षर न चुकता येतात. त्यातल्या सगळ्या कवींना आकाश निळं दिसायचं. मला ते कधी दिसलंच नाही गं, मला ते ऐकू आलं. सूर्य बुडाला की आमचा दिवस उगवायचा. शेकडो मैलांवरच्या जहाजाची टिकटिक आकाशाला टेकून खाली उतरायची, थेट कानात.

त्या आवाजाची प्रत मी वहीत टिपायचो. सरकारी नोंदवही वेगळी, ती कधीच रद्दीत गेली. ही माझी स्वतःची, पाढे छापलेल्या शाळेच्या वह्यांतली. आकडे मला रुक्ष वाटत, म्हणून शब्द ठरवले होते. स्वच्छ ऐकू आलं तर ‘खडा’. जरा विरघळल्यासारखं वाटलं तर ‘ओला’. थरथरत, तुटत आलं तर ‘फाटका’. आणि काहीच नाही तर ‘बुडाला’. तारीख, वेळ, कुठलं जहाज, आणि हा एक शब्द.

पुडकं टपालात द्यायला गेलो तर खिडकीतली बाई म्हणाली, “आजोबा, यात काय आहे?”

म्हटलं, “आकाश.”

ती म्हणाली, “मग एवढं जड कसं?”

तेवीस वह्या पाठवतोय. चौदावी सापडत नाही. वाळवीने खाल्ली असेल. बदकवाली नववी आहे, बदक जपून ठेवलंय.

तुझा,
आजोबा

९ जुलै

आजोबा,

वाळवीला चौदावीच बरी गोड लागली? तेरावी आणि पंधरावी कडू निघाल्या का? असो, शोधा.

आधी आनंदाची बातमी. तुमचे शब्द मी आकड्यांत बसवले. खडा तीन, ओला दोन, फाटका एक, बुडाला शून्य. आमच्या प्रयोगशाळेत आता सगळेच तसं बोलायला लागलेत. काल चहा आला तर कुणीतरी म्हणालं, “आज चहा फाटका आहे.”

आणि जुळतंय! मध्यरात्रीच्या आधीच्या शंभर नोंदी घेतल्या, त्यांतल्या चौऱ्याऐंशी जुळल्या: तुमच्या वहीत ‘फाटका’ तेव्हा माझ्या फिल्मवर शाई फिसकटलेली, ‘खडा’ तेव्हा रेघ टोकदार. मी खुर्चीवरून उठून नाचले. झाडूवाल्या मावशी दार लावून निघून गेल्या.

असं का होतं ते सांगते. दिवसभर ऊन हवेच्या कणांना फोडून विजेने भारतं. सूर्य मावळला की त्या थराचा तळ भराभर पातळ होतो, पण वरचा भाग रात्रभर दाटच राहतो. म्हणजे खाली पोकळ आणि वर जड. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन उभं राहिल्यासारखं. कुणी धक्का दिला नाही तर रात्र निभावते. पण खालून एखादी लाट आली की तळातली पोकळी बुडबुड्यासारखी वर घुसते, शेकडो किलोमीटर. तिच्यात सापडलेल्या रेडिओलहरीच्या चिंध्या होतात.

आता धक्का कोण देतं? कधी सूर्य देतो, हे खरंच. पण मला वाटतं, कित्येकदा तो खालून येतो. समुद्रावर प्रचंड गडगडाटी ढग उठतात ना, त्यांच्या उसळण्याने हवेत लाटा उठतात आणि त्या वर, वर, थेट तिथपर्यंत पोचतात. प्रत्येक वेळी ढगच, असं मी म्हणत नाही. पण सूर्य गप्प असताना दुसरं कोण?

आता वाईट बातमी. मध्यरात्रीनंतर सगळं गणित कोसळतं. शंभरातल्या जेमतेम एकतीस नोंदी जुळतात. नाणं उडवलं असतं तरी बरं होतं. सर हसले आणि म्हणाले, “तुझे आजोबा बारानंतर पेंगत असणार. नोंदी अंदाजाने ठोकल्यात.” मला इतका राग आला! याचं उत्तर तुम्हीच द्या.

तुमची,
भिंगरी

१५ जुलै

चि. भिंगरीस,

तुझी घागर आणि बुडबुडा वाचून मी इतका उचंबळलो, की कॅलेंडरच्या पाठीवर ओळी उतरल्या. मास्तर असते तर चाल लावली असती:

दिवस उतरला, तळ पातळला, वरचा थरही डुचमळला;
लांब ढगाने टिचकी दिधली, फुगा तळाचा वर पळला!

मग पुढचं पान उलटलं, आणि तुझ्या सरांचं वाक्य वाचलं. पेन खाली ठेवलं ते तीन दिवस उचललं नाही.

सरांचा राग आला नाही गं. हेच वाक्य मी एकदा लिहिलंय. सही करून.

चौदावी वही वाळवीने खाल्लेली नाही. ती माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली होती. सोबत पाठवतोय. अकरा ऑक्टोबरचं पान उघड. तिथे लाल शाईत लिहिलंय, ‘कानसेन झोपला.’

कानसेन म्हणजे माझा जिवाभावाचा दोस्त. असा कान पुन्हा होणे नाही. तीन जहाजं एकदम बोलत असली तरी तो तिघांचं वेगवेगळं लिहून घ्यायचा. त्या रात्री हेडफोन त्याच्याकडे होते, आणि पाळीचा मुख्य मी. मी मागच्या खोलीत बॅटऱ्या बघत होतो. एका जहाजावर वाफेची नळी फुटून एक माणूस भाजला होता आणि ते डॉक्टरचा सल्ला मागत आम्हाला हाका मारत होतं. बारा वीसपासून तब्बल चाळीस मिनिटं! आमच्याकडून उत्तर नाही. हाक आमच्या नावाची म्हणून थांबलेल्या उत्तरेकडच्या ठाण्याने शेवटी ती घेतली. माणूस वाचला, हातही वाचले. पण कप्तानाने तक्रार ठोकली.

मी एक वाजता खोलीत आलो तर कानसेनचं डोकं टेबलावर, डोळे मिटलेले, कानाला हेडफोन. हलवलं तर म्हणाला, “गप! काहीतरी येतंय, पण चिंध्या चिंध्या येतंय.” चौकशीत त्याने तेच सांगितलं. लाकूड गार असतं, डोळे मिटले की बारीक आवाज आत शिरतो, म्हणून वाकलो होतो म्हणाला. साहेब म्हणाले, “उत्तरेच्या ठाण्याला तेच जहाज खणखणीत ऐकू आलं, मग तुमच्याच आकाशाला काय धाड भरली?” मग मला विचारलं. डोकं टेबलावर होतं का? होतं. डोळे मिटलेले होते का? होते. मी सही केली. त्याला सामानाच्या खोलीत बसवलं, खिळे आणि तारा मोजायला. तो कान खिळे मोजत निवृत्त झाला, भिंगरी. सत्तेचाळीस वर्षं आम्ही बोललेलो नाही. तो अजून आहे. त्याच गावात, त्याच घरात.

तुझ्याकडे त्या रात्रीची फिल्म असेल तर बघ. वर काय होतं? मी दोस्तावर खोटी सही केली की खरी, एवढंच मरायच्या आधी कळलं तर बरं.

आजोबा

२४ जुलै

आजोबा,

डबा सापडला. मी आधी एकटीने बघितलं, मग सरांना दाखवलं, मग पुन्हा एकटीने.

अकरा ऑक्टोबर, बारा पंधरा, बारा तीस, बारा पंचेचाळीस, एक. रेघ टोकदार आहे. सुईसारखी. आकाशात काहीही नव्हतं.

मला खोटं बोलता येत नाही आणि तुम्हाला ते चालणारही नाही. पण तुम्ही सही खरीच केली होती, असंही म्हणता येईल ना? जेवण सोडू नका. आई म्हणते, तुम्ही नुसत्या चहावर राहता.

भिंगरी

२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

जेवतो आहे. आईला सांग, दोन पोळ्या, आणि शेजारीण मोजायला उभी असते.

खरी सही केली म्हणजे मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हातारपणी कळलं, मला सहीची पर्वा नव्हतीच. कानसेन झोपला नव्हता, एवढंच ऐकायचं होतं. जाऊ दे. आकाश काही माझ्या मनासारखं बोलायला बांधलेलं नाही.

या दिवसांत ती रात्र सारखी उलगडून बघतो. अकराच्या संध्याकाळी पाळीवर जाताना किनारा किती शांत होता! फक्त पश्चिमेला, अगदी क्षितिजाशी, आवाज न येता विजा चमकत होत्या. कानसेन म्हणाला, “बघ, कुणीतरी लांबच्या घरात दिव्याचं बटण खेळतंय.” मग जे व्हायचं ते झालं. उजाडल्यावर घरी आलो तर तुझी आई दारात नव्या पिवळ्या फ्रॉकमध्ये उभी. सातवा वाढदिवस. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही, वही काढली, लाल शाई काढली, रात्रीच्या पानावर ते वाक्य लिहिलं आणि पांघरूण ओढलं. एवढ्या एका सकाळीत दोन माणसांना दुखावलं मी.

वह्या तुलाच राहू देत. बदकही.

आजोबा

६ ऑगस्ट

आजोबा! आजोबा!! आजोबा!!!

बसा. पाणी घ्या. मी उभ्याने लिहितेय आणि अक्षर वेडंवाकडं येतंय.

आईचा वाढदिवस बारा ऑक्टोबरला असतो! बाराला! तुमचं पत्र मी बसस्टॉपवर वाचलं आणि बस समोरून गेली तरी कळलं नाही. लगेच आईला फोन लावला. “तुझ्या सातव्या वाढदिवसाला आजोबा रात्रपाळीहून आले होते का?”

आई म्हणाली, “आले होते, आणि माझ्या पिवळ्या फ्रॉककडे न बघता झोपले. अजून विसरले नाही मी.”

म्हणजे ते रात्रीचे बारा वीस बारा तारखेचे होते! आणि वहीत पानावर तारीख आहे अकरा. मी अकरा तारीख, बारा वीस म्हणून जी फिल्म बघितली ती आदल्या रात्रीची. आजोबा, तुम्ही मध्यरात्रीला तारीख बदलतच नव्हतात का? संध्याकाळची तारीख सकाळपर्यंत?

उत्तराची वाट न बघता तळघरात पळाले. बारा ऑक्टोबरचा डबा. अकराच्या रात्री अकरा पंचेचाळीसपर्यंत सुई. बाराच्या ठोक्याला रेघेला मिशा फुटल्या. बारा पंधराला फिसकटली. बारा तीस, बारा पंचेचाळीस... आख्खी दौत सांडलीय, आजोबा! सव्वाला पुन्हा रेघ दिसायला लागते. चाळीस मिनिटं तो माणूस चिंध्यांत कान घालून बसला होता. झोपला नव्हता. झोपला नव्हता!

सूर्य? त्या आठवड्यात ढिम्म. हवामानखात्याच्या जुन्या नोंदी मागवल्या. त्या संध्याकाळी पश्चिमेला, साडेतीनशे किलोमीटरवर समुद्रात प्रचंड गडगडाटी ढग. तुमच्या कानसेनांचं दिव्याचं बटण!

आणि उत्तरेच्या ठाण्याला कसं ऐकू आलं? हे तर सगळ्यात सोपं. हे बुडबुडे उत्तर-दक्षिण लांबच लांब असतात, पण रुंदीला जेमतेम शंभर किलोमीटर. रस्त्यावर एकाच घराच्या दारात धुकं असावं तसं. जहाजाची हाक तुमच्याकडे येताना त्यातून आली, त्यांच्याकडे जाताना बाजूने गेली. साहेबांनी विचारलं होतं ना, तुमच्याच आकाशाला काय धाड भरली? हीच धाड भरली होती.

मग मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी एकेक दिवस पुढे सरकवल्या. एकतीसच्या जागी एक्क्याऐंशी! सरांनी आकडे स्वतः पुन्हा मोजले. मग म्हणाले, “आजोबांना सांग, पेंग मला आली होती.”

आता तुम्ही काय करायचं ते मी सांगायला हवं का? फिल्मचा फोटो छापून सोबत ठेवलाय. दोन प्रती आहेत. दुसरी तुमच्यासाठी नाही.

तुमची नाचरी,
भिंगरी

११ ऑगस्ट

प्रिय कानसेन,

अक्षर ओळखलं असशील. फाडण्याआधी सोबतचा फोटो तेवढा बघ.

माझी नात आकाशाचा अभ्यास करते. तिच्या संस्थेत त्या रात्रीची फिल्म सापडली. काळं फिसकटलेलं दिसतंय ना, ते आपल्या डोक्यावरचं आकाश आहे, बारा वीसचं. तू म्हणालास चिंध्या येतायत. त्या चिंध्या, ह्या बघ, छापून आल्या आहेत.

गंमत अशी, की हे सत्य पंधरा दिवस माझ्याच चुकीने अडलं. ठाण्यात आपल्याला काम शिकवणारे थोरले मास्तर आठवतात? “पाळी म्हणजे एक श्वास. रात्र मोडायची नाही, मधे तारीख घुसवायची नाही.” आपल्या ठाण्यात सगळे संध्याकाळच्या तारखेवर आख्खी रात्र लिहायचे. इतकी सवय, की पोरीला सांगायचं सुचलंच नाही. तिने भलत्याच रात्रीचं आकाश बघितलं आणि ते स्वच्छ निघालं. तुला दुसऱ्यांदा झोपवलं मी.

पहिल्यांदाचं काय लिहू? तेव्हा मला फिल्म माहीत नव्हती, बुडबुडा माहीत नव्हता. पण तुझा कान माहीत होता. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, आणि मी टेबलावरच्या डोक्यावर सही केली. याला माफी मागतात, एवढंच शाळेत शिकलोय. मागतो.

बोलावलंस तर येईन. न बोलावलंस तर फोटो तेवढा ठेव. तो तुझा आहे.

तुझा,
तोच

२० ऑगस्ट

गड्या,

सत्तेचाळीस वर्षांनी पत्र टाकतोस आणि वर ‘प्रिय’ लिहितोस! हात थरथरला नाही का रे? की तोही पेन्शनीत गेला?

फोटो बघितला. सुनेने भिंग आणून दिलं. दुपारभर बघत बसलो. ती म्हणाली, “मामंजी, हा डाग कसला?” मी म्हटलं, “हा डाग नाही, हा साक्षीदार आहे.” ती घाबरून चहा करायला गेली.

खरं सांगतो, तुझ्यावरचा राग पहिल्या दहा वर्षांतच संपला. नंतर जे झालं ते वाईट होतं. सगळेच म्हणतात झोपला, तर झोपलोही असेन, असं मलाच वाटायला लागलं. खिळे मोजता मोजता माणूस स्वतःच्या कानावरचा विश्वास घालवतो. तुझ्या नातीने तो परत दिला. तिला माझा आशीर्वाद आधी कळव, तुझं नंतर बघू.

सोबत एक चिठोरं आहे, ते तिच्यासाठी. त्या रात्री जे काही कानावर पडलं ते मी लिहीत होतो. बारा चोवीसला दोन अक्षरं, मग नुसत्या रेघोट्या. बारा एकतीसला एक. बारा अडतीसला तीन. चौकशीत साहेबांनी बघून म्हटलं, हे पेंगणाऱ्या माणसाचं गिरगटणं आहे, आणि माझ्याकडे भिरकावलं. मी खिशात ठेवलं. पोरीला म्हणावं, तिच्या डागाशी ताडून बघ. आणि तारखेची काळजी करू नकोस म्हणावं. वर बारा ऑक्टोबर लिहिलंय. मी रात्र मोडायचो. ठाण्यात मी एकटाच. त्यावरून तुम्ही सगळे मला हसायचात, विसरलास?

तेव्हा ये. सकाळच्या गाडीने ये, म्हणजे दिवसभर भांडता येईल. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तुला उजव्याने येत नसेल, तर बाकावर बसताना नीट बस. शेजाऱ्यांना सांगून ठेवतो की आरडाओरडा होईल.

बाकी तुझ्या वहीत लिहून ठेव. तारीख वीस ऑगस्ट, सकाळचे नऊ. पत्र पोचलं. आवाज खडा.

कानसेन